विश्लेषण : एकही पात्र आवडत नाही, तरी पुस्तक हातातून का सुटत नाही? काय आहे ‘द सीक्रेट हिस्टरी’ आणि ‘डार्क अ‍ॅकॅडेमिया’चे आकर्षण?

जुनी ग्रंथालये, मेणबत्तीचा उजेड, ट्वीडचे कोट, ग्रीक-लॅटिनची जाडजूड पुस्तके आणि बाहेर पडणारा पाऊस. समाजमाध्यमांवर अशी छायाचित्रे दिसली, की सोबत हमखास एका कादंबरीचे नाव येते. ते म्हणजे डॉना टार्ट या अमेरिकी लेखिकेची १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द सीक्रेट हिस्टरी’. तीस वर्षांहून अधिक काळ उलटला, तरी नव्या पिढीतील वाचक ती शोधून वाचतात. मात्र, पुस्तक संपवल्यावर अनेकांची मन:स्थिती दुभंगलेली असते. लेखन जबरदस्त, पण यातली माणसे सहन होत नाहीत, असे ऐकू येते. हा पुस्तकाचा दोष आहे की हेतू? (सूचना : या लेखात कथानकातील काही महत्त्वाचे टप्पे उघड केले आहेत.)

कादंबरी नेमकी कशाबद्दल आहे?

रिचर्ड पेपन हा कॅलिफोर्नियातील प्लेनो नावाच्या गावातला मुलगा. वडिलांचा पेट्रोल पंप, घरात प्रेमाचा ओलावा नाही आणि गावाविषयी मनात तिटकारा. तो शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेच्या पूर्व टोकाला, व्हरमाँट राज्यातील हॅम्पडेन या छोट्या महाविद्यालयात दाखल होतो. तिथे त्याच्या नजरेस पाच विद्यार्थ्यांचा एक गट पडतो. अनेक भाषा जाणणारा धनाढ्य हेन्री, हवेलीचा वारस फ्रान्सिस, चार्ल्स आणि कमिला ही जुळी भावंडे आणि बडबड्या ‘बनी’ कॉर्कोरन. हे पाचही जण ज्युलियन मॉरो या एकाच प्राध्यापकाकडे प्राचीन ग्रीक शिकतात. बाकीच्या महाविद्यालयाशी त्यांचा जणू संबंधच नाही.

रिचर्ड खटपट करून या गटात शिरतो. पुढे त्याला कळते, की बनी वगळता उरलेल्या चौघांनी डायोनिसस या मद्य व उन्मादाच्या ग्रीक देवतेचा प्राचीन विधी रात्री रानात प्रत्यक्ष करून पाहिला आहे. आपल्याकडे ज्याला अंगात येणे म्हणतात, तशी स्वत:चा विसर पडण्याची अवस्था त्यांना अनुभवायची होती. त्या उन्मादात त्यांच्या हातून एका स्थानिक शेतकऱ्याचा जीव गेला. ही गोष्ट बनीला समजते. तो टोमणे मारू लागतो, पैसे उकळू लागतो आणि कधी तोंड उघडेल याचा नेम राहत नाही. मग पाच जण मिळून आपल्याच मित्राला दरीत ढकलून देतात. त्यात रिचर्डही असतो.

यात गूढ काय, जर खून आधीच सांगितला असेल?

टार्ट यांनी रहस्यकथेचा नेहमीचा क्रम उलटा केला आहे. बनी मेला आणि त्याला निवेदकासह त्याच्या मित्रांनी मारले, हे प्रस्तावनेच्या पहिल्या पानावरच कळते. त्यामुळे ‘खून कोणी केला’ हा प्रश्न उरत नाही. सुसंस्कृत, बुद्धिमान मुले इथवर कशी पोहोचली, हा प्रश्न उरतो. पाचशेहून अधिक पानांच्या या कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिला खुनाकडे जातो, दुसरा खुनानंतर काय होते ते दाखवतो.

ही रचना ग्रीक शोकांतिकेच्या जवळ जाणारी आहे. शोकांतिका पाहायला येणाऱ्या अथेन्सच्या प्रेक्षकाला शेवट ठाऊकच असे. त्याचे लक्ष ती अटळता कशी घडत जाते याकडे असे. युरिपिडीसच्या ‘बॅक्की’ या नाटकात डायोनिससच्या उन्मादात आई स्वत:च्या मुलाला ओळखत नाही आणि त्याला फाडून टाकते. टार्ट यांच्या कादंबरीमागे या नाटकाची सावली स्पष्ट दिसते.

लेखिका कोण? हे महाविद्यालय खरे आहे का?

डॉना टार्ट यांचा जन्म १९६३ मध्ये मिसिसिपी राज्यात झाला. मिसिसिपी विद्यापीठात वर्षभर शिकून त्या १९८२ मध्ये व्हरमाँटमधील बेनिंग्टन कॉलेजात आल्या. ब्रेट ईस्टन एलिस आणि जोनाथन लेथेम हे पुढे नावारूपाला आलेले कादंबरीकार त्यांच्या बरोबरीने तिथे होते. हॅम्पडेन हे काल्पनिक असले, तरी त्यावर बेनिंग्टनची छाप असल्याचे मानले जाते. एलिस यांच्या १९८७ मधील ‘द रूल्स ऑफ अ‍ॅट्रॅक्शन’मध्ये ग्रीक-लॅटिन शिकणाऱ्या एका विचित्र गटाचा ओझरता उल्लेख येतो, तोही या मैत्रीचाच धागा. टार्ट यांनी ‘द सीक्रेट हिस्टरी’ ज्या दोघांना अर्पण केली, त्यांत एलिस आहेत.

टार्ट यांनी महाविद्यालयात असतानाच ही कादंबरी लिहायला घेतली होती. नॉफ या प्रकाशन संस्थेने सप्टेंबर १९९२ मध्ये ती आणली, तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या ७५ हजार प्रती छापल्या. नव्या लेखिकेच्या पहिल्या पुस्तकासाठी हा आकडा फारच मोठा होता. त्यानंतर टार्ट यांनी साधारण दहा-दहा वर्षांच्या अंतराने दोनच कादंबऱ्या दिल्या. ‘द लिटल फ्रेंड’ २००२ मध्ये आणि ‘द गोल्डफिंच’ २०१३ मध्ये. ‘द गोल्डफिंच’ला २०१४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

पात्रे इतकी नकोशी का वाटतात?

कारण ती आहेतच तशी. हेन्री होमरमध्ये इतका बुडालेला, की माणूस चंद्रावर पोहोचल्याचे त्याला कोणी तरी सांगावे लागते. सुरुवातीला हे विनोदी वाटते. नंतर लक्षात येते, की ज्याला आपल्या काळातले जगच दिसत नाही, त्याला त्या जगातला शेतकरीही दिसत नाही. त्या माणसाच्या मृत्यूबद्दल बोलताना त्याच्या आवाजात पश्चात्तापापेक्षा अडचणीची भावना जास्त असते.

बनी तर उघडच फुकट्या. रिचर्डला महागड्या उपाहारगृहात जेवायला नेतो, भरपेट खातो-पितो आणि बिल आल्यावर पैसेच नसतात. शेवटी हेन्रीला बोलावून घ्यावे लागते. शिवाय तो स्त्रियांबद्दल, समलिंगी व्यक्तींबद्दल, परक्यांबद्दल सतत काहीबाही बोलतो. फ्रान्सिस आणि चार्ल्स दारूत बुडालेले. प्राध्यापक ज्युलियन लाघवी, व्यासंगी. पण विद्यार्थी इतर प्राध्यापकांपासून तुटतील अशीच त्याच्या वर्गाची व्यवस्था. सत्य समोर आल्यावर तो पोलिसांकडे जात नाही आणि विद्यार्थ्यांपाशीही थांबत नाही. तो महाविद्यालय सोडून निघून जातो.

आणि रिचर्ड? तो तर पहिल्या दिवसापासून खोटे बोलतो. पेट्रोल पंपाच्या जागी संत्र्यांच्या बागा आणि पोहण्याचा तलाव असलेले बालपण रचून सांगतो. कपडे घेण्यासाठी खोटे कारण सांगून उसने पैसे घेतो. शेजारच्या खोलीतली ज्युडी पूवी ही मनमोकळी मुलगी त्याला चांगला कोट देऊन टाकते, मदतीला धावते. पण हा तिला उथळ समजतो. तिच्यात ग्रीक व्याकरणाचे वलय नसते, एवढाच तिचा दोष.

मग वाचक पुस्तक सोडून का देत नाही?

याचे उत्तर निवेदनात आहे. सगळी गोष्ट रिचर्ड सांगतो आणि त्याला या गटाची भूल पडलेली आहे. वाचक त्याच्याच डोळ्यांनी पाहत असल्याने भूल वाचकालाही पडते. फ्रान्सिसच्या मावशीच्या जुन्या घरातले निवांत शनिवार-रविवार, तळ्यावरची होडी, पत्त्यांचे डाव, उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पा हे सारे इतके मोहक उतरले आहे, की आपल्यालाही त्या टेबलाशी जागा हवीशी वाटते. लहान गावातून मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयात गेलेल्या आणि तिथे आपले उच्चार, आपले कपडे, आपले घर लपवणाऱ्या कुणालाही रिचर्डची ही धडपड ओळखीची वाटेल.

दुसरे कारण थंडीचे. नाताळच्या लांब सुट्टीत घरी जायचे नाही म्हणून रिचर्ड छताला भोक पडलेल्या, हीटर नसलेल्या गोदामात राहतो आणि न्यूमोनियाने मरणाच्या दारात पोहोचतो. त्याला तिथून उचलून रुग्णालयात नेतो तो हेन्री. पुढे हेन्री खुनाची योजना शांतपणे मांडतो, तेव्हा रिचर्डला नाही म्हणणे जड का जाते, हे वाचकाला पटते. समर्थन होत नाही, पण कारण कळते.

तिसरी युक्ती सर्वांत धूर्त आहे. खुनापूर्वीच्या शंभरेक पानांत बनी इतका त्रास देतो, की वाचकही कंटाळतो. हा आता गप्प बसला तर बरे, असे मनात येऊन जाते आणि मग तो खरोखर गप्प होतो. वाचकाला अस्वस्थ करणारा क्षण हा आहे. पात्रांचा राग येतो, पण त्या रागात ‘मीही यांच्या बाजूने होतो’ ही जाणीव मिसळलेली असते.

दुसरा भाग रेंगाळतो, ही तक्रार खरी का?

काही अंशी. बनीच्या मृत्यूनंतर लगेच अवेळी बर्फ पडते आणि मृतदेह दहा दिवस सापडत नाही. शोधमोहीम, एफबीआयचे अधिकारी, वार्ताहर आणि मग अंत्यविधी, असे सगळे संथ लयीत येते. पहिल्या भागाची ओढ लागलेल्या वाचकाला इथे गाडी घाटात अडकल्यासारखी वाटते. कमिला बराच काळ रिचर्डच्या नजरेतली सुंदर आकृती म्हणूनच राहते, तिचे मन फारसे उघडत नाही, हाही आक्षेप रास्त आहे. रिचर्डची दृष्टीच कोती आहे असा बचाव करता येतो, पण पाचशे पाने ती एकच दृष्टी सोसायची तर त्याची किंमत पुस्तकाला मोजावीच लागते.

तरीही हा संथपणा निरर्थक नाही. बनीच्या घरी, त्याच्या वडिलांचे रडणे ऐकताना, तो त्रासदायक मुलगा अचानक कुणाचा तरी मुलगा होतो. ज्याच्या मरणाची वाचकाने नकळत वाट पाहिली, त्याच्याबद्दल लाज वाटायला लागते. गट पोलिसांमुळे तुटत नाही. दारू, संशय आणि एकमेकांची भीती यांनी आतून सडत जातो.

‘डार्क अ‍ॅकॅडेमिया’ म्हणजे काय? ते कधी सुरू झाले?

‘डार्क अ‍ॅकॅडेमिया’ ही एकाच वेळी साहित्यातली एक जातकुळी आणि समाजमाध्यमांवरची एक शैली आहे. साहित्यात तिचा अर्थ असा : उच्चभ्रू शिक्षणसंस्था, ज्ञानाचे वेड असलेला बंदिस्त गट आणि त्यातून घडणारा गुन्हा किंवा अनर्थ. शैली म्हणून तिचा अर्थ तपकिरी-काळे कपडे, गॉथिक इमारती, शाईचे पेन, शास्त्रीय संगीत आणि रात्रभर वाचन. कादंबरी १९९२ ची असली, तरी हे नाव २०१०च्या दशकाच्या मध्यात टम्बलरवर रुळले. ‘डेड पोएट्स सोसायटी’ हा १९८९ चा चित्रपटही या शैलीच्या चाहत्यांना आदर्शवत वाटतो.

खरी लाट आली ती २०२० मध्ये. करोनाकाळात महाविद्यालये आणि ग्रंथालये बंद पडली, शिक्षण लॅपटॉपच्या पडद्यावर आले. जे प्रत्यक्षात मिळत नव्हते, त्याचे स्वप्न तरुणांनी टिकटॉक आणि इन्स्टाग्रामवर रंगवले. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली. इथे ही छायाचित्रे आणि पुस्तकांच्या शिफारशी पोहोचवण्यासाठी इन्स्टाग्राम आणि यूट्यूब होतेच.

चाहत्यांनी पुस्तकाचा अर्थ उलटा लावला का?

या वादाचा गाभा हाच आहे. सौंदर्याच्या मोहापायी माणसे काय करून बसतात, हे कादंबरी सांगते. किंबहुना दिसण्या-भासण्याच्या सौंदर्याची अनिवार ओढ हाच आपला घातक दोष, अशी कबुली रिचर्ड सुरुवातीलाच देतो. आणि चाहते नेमके तेच सौंदर्य उचलून भिंतीवर लावतात. जणू विषाच्या बाटलीचे लेबल आवडले म्हणून बाटली दिवाणखान्यात ठेवावी.

टीकाकारांचे आणखी काही मुद्दे आहेत. या शैलीत ज्ञान म्हणजे युरोपचे ज्ञान, तेही गोऱ्या, श्रीमंत मुलांच्या हातातले, असे चित्र उभे राहते. जागरण, अतिश्रम, दारू आणि मानसिक खच्चीकरण यांना वलय मिळते. अभ्यासापेक्षा अभ्यासाचा देखावा महत्त्वाचा होतो.

याला साहित्यातूनच उत्तर मिळाले. आर. एफ. क्वांग यांच्या २०२२ मधील ‘बेबेल’ या कादंबरीत एकोणिसाव्या शतकातले ऑक्सफर्ड आहे. चीनमधील कँटनहून आणलेला रॉबिन आणि कोलकात्याचा रामी तिथे भाषांतर शिकतात. ज्या ज्ञानमंदिराच्या आपण प्रेमात पडलो, ते आपल्याच देशांच्या लुटीवर उभे आहे, हे त्यांना हळूहळू उमगते. एम. एल. रिओ यांच्या ‘इफ वी वेअर व्हिलन्स’मध्ये (२०१७) ग्रीकच्या जागी शेक्सपिअर येतो. टार्ट यांच्या सावलीतून निघालेली ही पुस्तके तिच्याशी वादही घालतात.

अर्थात, दुसरी बाजूही आहे. एखादी मुलगी ट्वीडच्या कोटासाठी कादंबरी उघडते आणि तिथून युरिपिडीसपर्यंत पोहोचते, तर त्यात वाईट काय? भुलणे ही वाचनाची पहिली पायरी असू शकते. पुस्तकाने विचारलेला प्रश्न ऐकू येण्याआधीच तिथून परतणे, हा धोका.

अप्रिय पात्रांचा वाद नवा आहे का?

मुळीच नाही. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये म्हटले होते, की पूर्णपणे दुष्ट माणसाचे पतन पाहून करुणा वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. शोकांतिकेचा नायक मधला असावा. आपल्यासारखा, एखाद्या चुकीपायी कोसळणारा. दोस्तोव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधील (१८६६) रस्कोलनिकोव्ह आपल्याला नियम लागू नाहीत, असे मानून कुऱ्हाड उचलतो. प्रत्यक्षातही असे घडले आहे. १९२४ मध्ये शिकागोत नेथन लिओपोल्ड आणि रिचर्ड लोब या दोन श्रीमंत, हुशार तरुणांनी १४ वर्षांच्या मुलाचा खून केला. आपण सामान्यांहून वरचे आहोत, या कल्पनेने त्यांना झपाटले होते. हेन्रीच्या थंडपणात त्यांची आठवण होते.

लेखिका क्लेअर मेसुड यांना २०१३ मध्ये एका मुलाखतीत विचारले गेले, की तुमच्या नायिकेशी मैत्री करायला तुम्हाला आवडेल का? त्या चिडल्या. पात्र मित्र होण्याजोगे आहे का, हे न विचारता ते जिवंत आहे का हे विचारा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पुरुष लेखकांना हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, असाही सूर त्या चर्चेत उमटला.

मराठी प्रेक्षकाने हा वाद पन्नास वर्षांपूर्वी रंगभूमीवर पाहिला आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’मधील एकमेकांचे लचके तोडणारे कुटुंब किंवा १९७२ मध्ये आलेल्या ‘सखाराम बाइंडर’मधील सखाराम यांना ‘आवडणे’ शक्य नव्हते. ‘बाइंडर’चा लढा तर उच्च न्यायालयापर्यंत गेला. तरीही ही नाटके टिकली, कारण त्या माणसांत खोटेपणा नव्हता. आपल्या आसपासच्या, प्रसंगी आपल्यातल्या हिंसेची ओळख ती पटवून देत होती.

मग ‘द सीक्रेट हिस्टरी’ वाचावी का?

वाचावी, पण कोणावर जीव जडेल अशी अपेक्षा न ठेवता. वेगवान रहस्यकथा हवी असेल, तर दुसऱ्या भागात निराशा होईल. गद्याची चव, वातावरण आणि मोहाची शरीरशास्त्रासारखी चिरफाड पाहायची असेल, तर अशी पुस्तके फार नाहीत. ग्रीकचा गंधही नसला तरी अडत नाही. रिचर्डसारखा बाहेरचा निवेदक असल्याने बरेचसे ओघात उलगडते. चित्रपटाची वाट पाहण्यात मात्र अर्थ नाही. अ‍ॅलन जे. पाकुला यांच्यासारख्या दिग्दर्शकापासून अनेकांनी प्रयत्न केले, तरी ते तडीस गेले नाहीत.

वाचून झाल्यावर मन दुभंगलेले राहिले, तर आपल्याला पुस्तक कळले नाही असे समजू नये. ते दुभंगणे पुस्तकाने घडवून आणलेले आहे. फक्त स्वत:ला एक प्रश्न विचारून पाहावा. या कादंबरीत खून कोणाचा होतो? बहुतेकांच्या ओठांवर बनीचे नाव येईल. पहिला जीव गेला तो त्या शेतकऱ्याचा. तो हुशार नव्हता, देखणा नव्हता, त्याच्याकडे ग्रीक वचने नव्हती. तो रात्री आपल्याच परिसरात होता, एवढेच. त्या पाच जणांनी त्याला विसरणे समजण्यासारखे आहे. कादंबरीनेही त्याला फारशी जागा दिलेली नाही. पण पाचशे पाने वाचून आपणही त्याला विसरलो असू, तर पात्रांना नावे ठेवण्याआधी थोडे थांबायला हवे.